वासाच्या आधी

गयाबाई कुणाही बाईजवळ बसली की आधी खोल श्वास घ्यायची. मग हसायची, नाहीतर गप्प व्हायची.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, त्यात दुष्काळ. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. शहराबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेल्या बायका पालं ठोकून राहत. गयाबाई त्यांच्यातलीच, कंधारकडची. तिची बहीण अंगावरून जाण्याच्या दुखण्यात गेली होती. "लई घाण वास सुटला व्हता, नर्सबाई. घरच्यांनी खाट गोठ्यात टाकली. तवापासून तो वास वळखू येतो मला." त्या पालांत तिला तो दोन बायकांजवळ आला. दोघीही गेल्या.

गर्भपिशवीच्या तोंडाचा हा कॅन्सर वासाच्या कितीतरी आधी कळतो, तिथलं पाणी काचपट्टीवर घेऊन तपासतात, असं मी सांगितलं, तेव्हा ती रागाने म्हणाली, "मग आजपोतर कुनी सांगितलं का न्हाई?"

मी तिला दवाखान्याची वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दोघी-तिघींना आणू लागली. लाजणारीला दटावायची, "लेकरं झाली तवा लाजलीस का?" पडद्याआड हात धरून उभी राहायची. स्वतः मात्र टाळायची. "माझी पाळी कवाच गेली. मला काय हुतंय?" शेवटी हट्टाने मी तिचीही पट्टी घेतली.

तपासणी बाहेरगावी व्हायची. निकाल येईपर्यंत काम बंद होऊन पालं उठली होती. दोन चिठ्ठ्या वाईट होत्या. एक गयाबाईची, दुसरी शेषाची, तीन लेकरांच्या तरण्या आईची.

गावी गयाबाई सापडली. निम्मी झाली होती. मी बोलायच्या आत म्हणाली, "माझं मला ठावं हाय. आनखी कोन हाय?"

शेषा निलंग्याकडे खुरपणीला गेली होती. मी पत्ता मागितला, तर गयाबाई स्वतःच एसटीत येऊन बसली. दर धक्क्याला डोळे मिटायची.

शेषा ऐकेना. "मला काईच दुखत न्हाई."

"मला बी दुखत नव्हतं, शेषे." गयाबाईने पाठ फिरवली. लुगडं मागून रक्ताने भिजलं होतं.

शेषा खुरपं टाकून उठली. तिची पिशवी वेळेत काढली, ती वाचली. गयाबाई दसऱ्याआधी गेली. शेवटच्या भेटीत माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पुढच्या साली बी पालं पडतील, नर्सबाई. वाट बघत बसू नका, तुमीच जावा."

पुढच्या साली पालं पडली, आदल्यापेक्षा जास्त. पहिल्याच दिवशी मी गेले. सोबत शेषा होती.