खाऱ्या पाण्यातलं लाल शेवाळ

किडन्या निकामी झाल्या आणि सुदर्शनची वाळूजच्या कंपनीतली नोकरी सुटली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, उरलेले दिवस पुंडलिकनगरातल्या घरात खिडकीशी बसणं. बायको प्रेरणा ब्लाउज शिवून घर चालवायची. तिची किडनी जुळली नव्हती. वैजापूरकडं शेती करणाऱ्या धाकट्या भावाची, विश्वजीतची, जुळली होती. तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख ठरली, आणि त्याचा फोन आला.

"दादा, नाय व्हणार माझ्याच्यानं."

सुदर्शननं फोन ठेवला. त्यानंतर घरात भावाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

डायलिसिसच्या खाटेवर पडल्यापडल्या तो मोबाइलवर समुद्री टाक्या बघायचा. प्रवाळांच्या, रंगीत माशांच्या नव्हे, नुसत्या शेवाळाच्या. हिरवं, तांबडं, पाण्याबरोबर हलणारं शेवाळ. एक दिवस क्रांती चौकाजवळच्या माशांच्या दुकानातून तो एक जुनी काचेची टाकी रिक्षात घालून घेऊन आला.

"अहो, नळाला पाणी येतं कधी, जातं कधी, अन् हे काय आणलं तुम्ही?" प्रेरणा म्हणाली.

"प्यायला घोट घोट मोजून मिळतं मला. बघायला तरी भरपूर असू दे."



घरातलं मीठ चालत नाही, हे दुकानदारानं बजावलं होतं. समुद्राच्या पाण्यासाठी वेगळं मीठ मिळतं. ते फिल्टरच्या पाण्यात कालवायचं आणि खारटपणा मापून बघायचा. यंत्रं जुळवण्यात सुदर्शनचा जन्म गेला होता. पंप, दिवे, दिव्यांचा टायमर त्यानं झटक्यात बसवले. तळाशी वाळू, वर भोकाभोकांचे दगड. मग पाणी शेवाळाला मानवेल असं होईतो कितीतरी दिवस टाकी नुसतीच मुरू दिली. शेवटी मुंबईहून पार्सल आलं: द्राक्षांच्या बारक्या घडांसारखं हिरवं शेवाळ आणि नाजूक फांद्यांचं लाल. डायलिसिसच्या सुया ज्यात टोचत तो डावा हात जपायचा असल्यानं सगळं उजव्या हातानंच करावं लागे. चिमट्यानं त्यानं एकेक फांदी दगडांच्या फटीत खोचली. दोन नारिंगी मासे सोडले. हिरवं तर असं फोफावलं, की सारखं छाटावं लागायचं. छाटताना तो गुणगुणतोय हे प्रेरणाला शिवणयंत्रावरून ऐकू यायचं.

मे महिन्यात त्याला ताप भरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. इकडं वीज जात-येत राहिली, टायमर बिघडला. कुणाकडून तरी कळून विश्वजीत दवाखान्यात आला. सुदर्शननं भिंतीकडं तोंड फिरवलं. प्रेरणानं बाहेर येऊन दिराच्या हातात किल्ली दिली. "भाऊजी, निदान त्या टाकीकडं तरी बघा."

सुदर्शन घरी आला तेव्हा दारातच कुजका वास आला. विश्वजीत बनियनवर टाकीशी वाकला होता, हात खांद्यापर्यंत ओले. पाणी दुधासारखं झालं होतं.

"दादा, सकाळी बघितलं तं हिरवं सगळं पांढरं पडलेलं. हात लावला की विरघळतंय. मासे बी गेले."

हे हिरवं शेवाळ कधीकधी असंच एकाएकी आपल्या आतलं सगळं पाण्यात ओकून मरतं, हे सुदर्शननं वाचलं होतं. उजेडाचं बिनसलं की जास्तच.

"लाल?"

"ते काढून बादलीत ठिवलंय. जित्तं दिसतंय."

सुदर्शन खुर्चीत टेकला. विश्वजीत त्याच्याकडं न बघता म्हणाला, "म्या लई भ्यालो व्हतो, दादा. झोपलो अन् उठलोच नाय तं, पोरीचं कसं व्हायचं..."

"मला बी भ्याव वाटतं," सुदर्शन म्हणाला. "रोज."

माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. नवं पाणी कसं कालवायचं तेवढं सांगत राहिला, आणि विश्वजीत कालवत राहिला.

त्यानंतर विश्वजीत अधूनमधून यायचा. किडनीचा विषय दोघांनीही काढला नाही. टाकीत आता फक्त लाल शेवाळ होतं. हिवाळ्यात एका सकाळी डायलिसिसला जाताना रिक्षातच सुदर्शनचं हृदय थांबलं.

प्रेरणानं काही दिवस दिवे चालू ठेवले. मग मीठ संपलं. टाकी रिकामी करायला विश्वजीत आला, पहिली बादली उचलून फाटकाजवळच्या शेवग्याकडं निघाला.

"तिथं नका ओतू, भाऊजी. झाड मरेल."

तो मागं फिरला. सगळं पाणी न्हाणीघराच्या मोरीत ओतलं. शेवाळ तळाशी चिकटून राहिलं होतं. प्रेरणानं ते हातानं गोळा केलं, जरा वेळ तसंच मुठीत धरलं, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून हात धुतले.