रुमाल टाकून धरलेली जागा

श्रीरामपूरला भाचीचं लग्न उरकून मी शेवगावच्या मित्राकडे निघालो. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत फेकला. चढून बघतो तर रुमाल बाजूला सारून एक म्हातारी बसलेली, मांडीवर गाठोडं.

"आजी, जागा माझी आहे. रुमाल टाकलाय."

ती गाठोडं उचलून उठली. मी बसलो, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. आदल्याच दिवशी चर्चमध्ये बायबलातला प्रीतीवरचा पाठ मी मोठ्या आवाजात वाचला होता.

टाकळीभान मागे पडलं. दोन्हीकडे ऊसच ऊस. उकाड्याने कॉलरचं बटण काढलं, तसा गळ्यातला क्रूस बाहेर आला.

"तुमी ख्रिस्ती का?" दांडीला धरून उभ्या असलेल्या आजीने विचारलं.

"हो," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"माजी सून जाती तुमच्यात प्रार्थनेला. पोरगा म्हनतो, बंद कर. घरात लई भांडनं. शेवटी त्यो म्हनला, आये, तू सांगशील तसं. म्हून तिच्या मैतरणीकडं, मार्थाबाईकडं, दोन दिस राहून आले. म्हनलं, ही मानसं कशी हायेत बघावं तरी."

"मग?"

"माजं गुडघं धरल्यात म्हून तिनं खाट मला दिली. सोता भुईवर. पोराला सांगनार हुते, जाऊ दे बाबा तिला." आजीने माझ्या क्रूसाकडे पाहिलं. "आता तुमी भेटलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताडकन उठलो. आजी गुडघे चोळत बसली.

नेवाशाला गाडी दहा मिनिटं थांबली. आजीने गाठोडं सोडलं. आत बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. निम्मी मोडून तिने माझ्यापुढे धरली.

"मार्थाबाईनं बांधून दिलीया. खावा."

मी उभ्यानेच खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच खर्ड्याचं नव्हतं.

कुकाण्याला ती उतरली. गाठोडं खाली देताना मी धीर करून विचारलं, "आजी, मुलाला काय सांगाल?"

"दोनी सांगन. मार्थाबाईचंबी, आन् तुमचंबी."

दोन दिवसांनी परतीची गाडी शेवगावच्या स्थानकात शिरली, तेव्हा सवयीने हात खिशातल्या रुमालाकडे गेला. रुमाल बाहेर काढला, पण खिडकीतून न टाकता त्याने तोंड पुसलं. कुकाण्यात वाकून वाकून पाहिलं, पण आजी दिसली नाही. सुनेचं काय ठरलं, ते मला कळायला मार्ग नाही. माझ्या एका रुमालापायी तिची प्रार्थना अडली असेल का, ही टोचणी मात्र घरापर्यंत आली.