पेटीवर आळ शेवटी

काका कुठल्याही ट्रकमध्ये चढण्याआधी चपला काढायचे. खाली चिखल असो, ऑइल सांडलेलं असो, नाहीतर भर दुपारी पत्रा तापलेला असो. घाटकोपरला पाइपलाइनच्या कडेला त्यांचं गॅरेज, म्हणजे एक टपरी, दोन बाकडी आणि समोरचा रस्ता. नवे ड्रायव्हर हसायचे, देवळात चाललात काय म्हणून. काका शांतपणे सांगायचे की अनवाणी पायाला गाडी काय म्हणते ते कळतं. हे खरं की थाप, देव जाणे. पण गॅरेजांची सगळी लाइन त्यांना अर्थिंगकाका म्हणायची, कारण ट्रक कुठलाही येवो, बिघाड कसलाही असो, ते सगळ्यात आधी अर्थिंगची वायर बघायचे.

इंजिनाचा कम्प्युटर म्हणजे आमच्या भाषेत पेटी. पोळ्यांच्या डब्याएवढा अॅल्युमिनियमचा डबा, पण डिझेल कधी आणि किती सोडायचं ते सगळं तो ठरवतो. गाडी बंद पडली की पोरं लॅपटॉप लावणार, पडद्यावर चार लाल अक्षरं दिसली की सांगणार, पेटी गेली, नवी टाका. काका चिडायचे. चिडले तरी आवाज चढायचा नाही, फक्त चष्मा पुसायला घ्यायचे. "पेटीवर आळ शेवटी घ्यायचा," म्हणायचे. "ती बिचारी बोलत नाही, म्हणून सगळं तिच्यावर ढकलता होय?" एकदा नाशिकचा एक ट्रक तीन गॅरेजं फिरून आला. तिन्हीकडे पेटी गेली म्हणून सांगितलेलं. काका चेसिसखाली शिरले, गंजलेल्या अर्थिंगचा नट खोलला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला. ट्रक एका चावीत चालू. ड्रायव्हर पाया पडायला लागला, तर काका म्हणाले, माझ्या नको, नटाच्या पड.

माझी त्यांची ओळख टँकरमुळे. नवरा गेला आणि पाण्याचा जुना टँकर माझ्या गळ्यात पडला. घरात दुसरी कमाई नाही, मुलगी कॉलेजात, सासू अंथरुणावर. टँकर चालला तर चूल पेटणार, एवढं सरळ होतं. आमचा ड्रायव्हर नारायण वाकोल्याच्या सोसायट्यांना पाणी द्यायचा, आणि रोज दुपारी एकच्या सुमारास टँकर रस्त्यात बंद. तासाभराने आपोआप चालू. लोक हॉर्न मारून मारून जीव काढायचे. मी काकांकडे गेले. म्हटलं, काय ते लवकर बघा. तर हा माणूस दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला आणि नारायणच्या शेजारी दिवसभर नुसता बसून राहिला, अनवाणी. माझं डोकं फिरलं. म्हणाले, "चालत्या गाडीत काय शोधू, ताई? बिघाडाची वाट बघावी लागते. पाहुण्यासारखा येतो तो, आपल्या सवडीने."

बंद पडल्यावर त्यांनी आधी अर्थिंग बघितलं, मग बॅटरी, मग वायरिंग हातभर हातभर चाचपलं. सगळं ठीक. शेवटी ओलं फडकं पेटीवर टाकलं, पाच मिनिटांत गाडी सुरू. संध्याकाळी पेटी काढून आमच्या घरी आणली आणि माझ्या मुलीचा केस वाळवायचा ड्रायर पेटीवर धरला. पेटी तापली की आतला सोल्डरचा एक टाका सुटायचा, गार झाली की जुळायचा. बारीक डाग देऊन त्यांनी तो जोडला. मुलगी महिनाभर कुरकुरत होती की ड्रायरला डिझेलचा वास येतो.

त्या एका डागावर टँकर वर्षभर चालला. मग दुसरा टाका, मग तिसरा. मधल्या काळात नारायण कायम एक फडकं जवळ ठेवायचा. पाठीमागे टँकरभर पाणी, त्यामुळे भिजवायला तोटा नव्हता. पण जुन्या मॉडेलची ती पेटी कंपनीने बनवायची बंद केलेली. काकांनी भंगारातून तसलीच एक शोधून आणली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आमच्या टँकरचा नंबर लिहून फळीवर ठेवली. मी म्हटलं, मग बसवा की. तेव्हा त्यांनी समजावलं: प्रत्येक पेटीत ज्या-त्या गाडीच्या खुणा भरलेल्या असतात. जुनी जिवंत आहे तोवर तिच्यातलं सगळं नवीत उतरवून घ्यावं लागतं. मेल्यावर ती काही सांगत नाही.

"मग घ्या ना उतरवून."

"उतरवायला गेलो आणि तिथेच गेली तर? चालतेय तोवर चालू दे, ताई."

पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणत तीन महिने गेले. त्याच दिवसांत ते काम करताना पोटावर हात दाबून धरायचे. विचारलं की गॅस. काकू माझ्याकडे रडल्या, की डॉक्टरांनी तपासणी लिहून दिलीय आणि हे जात नाहीत. म्हणतात, तपासायला गेलं की काहीतरी निघतंच. मी काकूंना धीर दिला, आणि आपल्या कामाला लागले. माझा जीव टँकरमध्ये अडकलेला होता.

मे महिन्यात टँकर बंद पडला आणि फडक्यालाही उठला नाही. काका आले. आधी अर्थिंगच बघितलं. चार दिवस झटले. फळीवरची पेटी लावून बघितली, इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. चौथ्या दिवशी केबिनमधून उतरले, चपला घातल्या आणि म्हणाले, "ताई, पेटी गेली. वेळेवर उतरवून घ्यायला हवी होती. चूक माझी."

"पेटी गेली" हे त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या गॅरेजांतली पोरं हातातलं काम टाकून बघायला लागली. आणि मी, सगळ्यांसमोर, म्हटलं, "मेकॅनिक म्हणवता आणि माझी गाडी मारलीत तुम्ही." ते नुसतं "हो" म्हणाले. पावसाळ्याआधी टँकर भंगारात गेला. मी आता एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. लाटताना रोज तो "हो" ऐकू येतो.

दिवाळीच्या सुमारास काका हॉस्पिटलमध्ये आहेत म्हणून कळलं. माझं बोलणं मागे घ्यायचं ठरवून गेले. काकू जिन्यात बसलेल्या. पोटात फार पसरलंय, काही करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांना अजून सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या खाटेशी बसले. एवढा माणूस, पण उशीवर मूठभर दिसत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"ताई, त्यांनी आधी अर्थिंग बघितलं का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. ते हसत नव्हते.

"बघितलं, काका. रक्त, फोटो, सगळं बघितलं."

"वायरिंग?"

"तेही बघितलं."

ते पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पेटीच."

जे बोलायला आले होते ते तसंच राहिलं. चादरीबाहेर त्यांचे पाय उघडे होते, गार पडलेले. ते दोन्ही हातांत धरून मी भेटीची वेळ संपेपर्यंत चोळत बसले.