फेसाची गोळी

शेजारीपाजारी तिला ड्रायव्हरीणबाई म्हणत. नवरा बसवर ड्रायव्हर, एवढीच तिची ओळख. ती स्वतः दिवसभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची, ते कोण लक्षात ठेवतंय!

नवऱ्याचं बीपी वाढलं, तेव्हा डेपोच्या डॉक्टरांनी बजावलं, “रोजची गोळी चुकवू नका आणि मीठ सोडा. पुढच्या तपासणीत उतरलेलं दिसलं नाही, तर गाडीवरून उतरवावं लागेल.” गाडी म्हणजे त्या माणसाचा जीव की प्राण. हिने त्याच दिवशी वेफर्स, खारे दाणे, सगळं घराबाहेर काढलं. त्याला एकट्याला अळणी वाढायचं बरं दिसत नाही, म्हणून स्वतःच्या ताटातलंही मीठ बंद केलं. काय गरज होती, मी म्हणते. पण बाई तशीच.

मग नणंद आली. “पार सुकलास रे,” म्हणाली भावाला, “अळणी खाऊन अंगात ताकद कुठून येणार?” पर्समधून तिने व्हिटॅमिनच्या गोळ्यांची नळी काढली. गोळी पाण्यात टाकली की फसफसायची. बीपीलाही चांगली, असं तिला कोणीतरी सांगितलेलं. हा सकाळ-संध्याकाळ ग्लास रिचवू लागला.

हिने एकदा तळाशी उरलेला घोट चाखला. “जरा खारट लागतंय. डॉक्टरांना विचारा की.”

“माझ्या बहिणीनं आणलंय ना, म्हणून तुला खुपतंय.” झालं, विषय संपला.

बीपी काही उतरेना. आता खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? बायकोच्याच. चोरून मीठ घालतेस म्हणाला. एक दिवस तर मिठाची बरणी उचलून डेपोतल्या कपाटात कुलूप लावून ठेवली. ही आपली शिवत बसली.

तपासणीला तिला मुद्दाम सोबत नेलं. “ही करते स्वयंपाक, हिलाच विचारा,” म्हणाला. तिने पिशवीतून ती नळी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी नळीवरचं वाचलं. “अहो, फेस येतो तो सोड्यानं. मिठातलं जे तुम्हाला बाधतं, तेच यात आहे. रोज पिताय?”

“तुम्ही मीठ सोडा म्हणालात,” तो पुटपुटला. “सोडा सोडा, असं कुठे म्हणालात?”

डॉक्टरांना हसू आवरेना. तिला मात्र रडू आलं. त्याला गाडीवरून उतरवून डेपोच्या फाटकावर बसवलं.

नणंद विचारपूस करायला आली. “कसं रे झालं असं?”

आता तरी हा खरं सांगेल, म्हणून ही वाढता वाढता थांबली. त्याने ताटातून मान वर केली नाही. “काय सांगू ताई, हिच्या हाताला मिठाचा अंदाजच नाही.”

“डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितलं होतं,” ही म्हणाली. “लाज सोडायला नव्हतं सांगितलं.”

नणंद भावाकडे वळून म्हणाली, “अशी जीभ घरात असल्यावर बीपी वाढणार नाही तर काय होणार?”

आणि त्याने जेवता जेवता मान डोलावली.