बुडालेली आमची सॉफ्टबॉल टीम

आमची टीम बुडाली याचं मला दुःख आहे, लाज अजिबात नाही. सिंगापूरमधल्या एका हौशी लीगच्या सगळ्यात खालच्या गटात खेळायचो, पण खेळायचो!

जळगावला मी शाळेत पीटी शिकवायचे. लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इथे सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात येऊन घरी बसले. शेवटी कंटाळून लिफ्टमध्ये भेटेल त्या मराठी बाईला विचारायला लागले, "खेळणार का?" कोणी बँकेतली, कोणी आयटीतली. सगळ्या जणी लहानपणी भावांच्या मागे लागून गल्लीत क्रिकेट खेळलेल्या. सॉफ्टबॉल मी शिकवला, ओरडून ओरडून शिकवला. या शहरात निव्वळ माझं म्हणावं असं ते एकच होतं.

पण एक खोड कोणाची जाईना. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीकडे, पळायचं. या बॅट घेऊनच सुटायच्या. "अगं बाई, टाक ती!" म्हणून माझा घसा बसायचा.

तिसऱ्या वर्षी शेवटच्या मॅचपर्यंत आम्ही तळाला होतो. बरोबरी झाली तरी टिकणार, हरलो तर लीगमधून बाहेर. एका रनाने मागे, शेवटची एक विकेट, आमची एक जण तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला बँकेतली. तिने पहिल्या बेसपर्यंत पोचायचं, की तिसऱ्या बेसवरचीचा रन धरला जाणार.

काय हाणला तिने! मी उड्याच मारायला लागले. तीही जीव तोडून पळाली, बॅटसकट. आणि दोन पावलं उरली असताना वाकून तिने बॅट बेसवर टेकवली, क्रिकेटमध्ये क्रीझवर टेकवतात तशी, आणि थांबली! इथे पाय लागावा लागतो हो. तेवढ्यात चेंडू बेसवरच्या पोरीच्या हातात आला. आऊट.

"बॅट आत होती!" ती ओरडली. मागोमाग आम्ही सगळ्या ओरडलो. मीसुद्धा! समोरच्या पोरी बघतच राहिल्या. एक इथल्या ढंगात म्हणाली, "आंटी, बॅट डोन्ट काउंट, लाह."

संपलं. लीगमधून गेलो, पुढे एकेकीची बदली होत गेली. त्या दिवशी मात्र दर मॅचनंतरच्या रिवाजाप्रमाणे लिटिल इंडियात डोसा खायला गेलो. बँकेतली मान वर करेना. "माझ्यामुळे बुडाली," म्हणाली. मला रडू फुटलं, रागही आला.

"गप्प बस," मी म्हटलं. "असा फटका आपल्यात कोणी मारलाय का कधी? बुडायला आधी टीम असावी लागते. ती होती, आणि मी काढली होती. खा आता."

तिने खाल्ला. मग माझ्याही पानातला अर्धा उचलला.