चार पावले चालवून पाहणारे दत्तराव सर

दत्तराव सरांची आणि माझी ओळख जवळा बाजारच्या शाळेत झाली. मी भूगोल शिकवायला नवा आलो होतो. ते खेळाचे शिक्षक. शिक्षकांच्या व्हॉलीबॉलमध्ये माझे मनगट लचकले. सरांनी ते हळूहळू वळवून पाहिले, मग कोपराखाली एके ठिकाणी अंगठ्याने दाबले. ठणका उतरला. "दुखणं कमी झालं, लचक गेली न्हाई. आठ दिवस खेळू नका," त्यांनी बजावले. मी तिसऱ्याच दिवशी खेळलो आणि बोलणी खाल्ली.

निवृत्तीनंतर खेळाडूंना हे अॅक्युप्रेशर घरी शिकता यावे म्हणून सरांनी व्हिडिओ करायला घेतले. चित्रण आणि काटछाट माझ्याकडे आली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गुडघा पुढे करून म्हणत, "एरवी सांगून सांगून दाबत न्हाईत. आज कॅमेरा आला तं कसा हात चालून राहिला!" सर हसत, पण आधी त्यांनाही चार पावले चालायला लावत. पाय टेकवता येत नसेल तर दाबायचे नाही, हा नियम ते प्रत्येक व्हिडिओत सांगत आणि शेवटी स्वतःचा फोन नंबर देत.

घोट्याच्या व्हिडिओतला तो नियम मी कापला. तेच ते पुन्हा कशाला, असे मला वाटले. तयार व्हिडिओ सर पाहत नसत. "तुमी बघितला ना? मंग झालं."

काही दिवसांनी चित्रण चालू असतानाच वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरून रामधन नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांची मुलगी पूजा खो-खो खेळताना पडली होती.

"सर, तुमचा व्हिडिओ लावून घोटा दाबून राहिलो, पर लेकरू लई वरडून राहिलं."

"हात काढा आधी! चार पावलं चालते का?"

"न्हाई, पाय टेकवतच न्हाई."

"मंग दाबता काहून? म्या सांगितलं न्हाई का?"

"न्हाई जी. व्हिडिओत तं न्हाई."

सरांनी माझ्याकडे पाहिले. "पाय हलू देऊ नका. दवाखान्यात न्या, हाडाचा फोटो काढा," एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. मी काय केले ते त्यांना सांगितले. ती दुपार मला फार जड गेली.

सायंकाळी रामधन यांचा फोन आला. हाडाला बारीक चीर होती, पण ते सरकले नव्हते. प्लास्टरने भागणार होते. पूजा आता पुन्हा खो-खो खेळते.

दुसऱ्याच दिवशी सरांनी तो व्हिडिओ हटवायला लावला आणि नव्या व्हिडिओत प्रथम म्हणाले, "मागच्या वेळी माझ्याकडून एक गोष्ट राहिली." मी अडवू लागलो, तर म्हणाले, "लोकांनी भरवसा कोणावर ठेवला? माझ्यावर ना? मंग मलाच बोलू द्या."

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचा अंगठा आणि त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो, काकूंच्या गुडघ्यालाही त्यातला वाटा मिळो, आणि शंभरीपर्यंत त्यांचा फोन लागत राहो. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. या गौरव अंकात त्यांच्या सगळ्या माणसांसमोर हे लिहिता आले, म्हणून आता मला हायसे वाटते.