लायब्ररी सहकुटुंब येते तेव्हा

ऑफिसचे किस्से लायब्ररीसारखेच. एक उचलायला जावं, तर मागून सात-आठ ओढत येतात. आता ऑफिस तेच आहे, पण आमची चौघांची टीम फुटली. म्हणून आठवतील तेवढे सांगून टाकते.

परळला जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस. तिथे सुजाताताईने खपून खपून एक ट्रान्सलेटर बनवला. कोड लिहायचा पायथनसारखा, बाहेर पडणार जावास्क्रिप्ट, म्हणजे तो थेट ब्राउझरमध्ये चालणार. अडचण एकच. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. ती वापरली, की तिचंही जावास्क्रिप्ट करा, आणि ती ज्यांच्या आधाराने चालते त्यांचंही! साहेबांनी स्पष्ट बजावलं होतं, "क्लायंटच्या साध्या फोनवर पान उघडलं तर प्रोजेक्ट राहील. नाहीतर बंद."

ताई वाढली वरळीच्या बीडीडी चाळीत. "एका खोलीत आख्खं खानदान राहिलोय. जागा कशी पुरवायची ते मला शिकवू नका!" कुणी नवी लायब्ररी आणली की तिचा पहिला प्रश्न, "सोबत कोण कोण?"

\*

ठाकूरद्वारच्या अभिजितने पानावर नुसती आजची तारीख दाखवायला एक लायब्ररी आणली. तिच्यामागून जगभरातली घड्याळं आली. पान हलेचना.

"अरे, लालबागच्या माणसाला तारीख सांगायला होनोलुलूत किती वाजले ते कशाला रे?"

"असू दे ना ताई. कधी गेलाच तर?"

\*

परब मालवणचा. गणिताची एक लायब्ररी आठवडाभर बदलत बसला. शेवटी कळलं, वरवर पायथन, आतलं खरं काम भलत्याच भाषेत! आमच्या ट्रान्सलेटरला ती येतच नाही.

परब खुर्चीत मागे रेलला. "कालवण आसा. बांगडो खंय?"

कुणी हसलं नाही. क्लायंटला दाखवायचा डेमो तोंडावर आलेला, तो आठवडा आम्हाला फार हवा होता.

\*

माझं लग्न नुकतंच झालेलं. गिरगावात सासूबाईंनी विचारलं, "तू दिवसभर करतेस तरी काय गं?" मी लायब्ररींचं सांगितलं.

"म्हणजे पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिल्यासारखं! बोलवा एकाला, पानं मांडा बाराजणांची."

दुसऱ्या दिवशी ताई हे ऐकून पोट धरून हसली. "तुझ्या सासूला टीममध्ये घे!"

\*

डेमोच्या आदल्या दिवशी ताईने साफसफाई काढली. एक चिमुकली लायब्ररी आमच्यापैकी कुणीच बोलावलेली नव्हती.

"ही फुकट जेवतेय. काढा!"

काढली. आमच्या मशीनवर पान झक्क उघडलं.

क्लायंटच्या फोनवर कोरं, पांढरं! बिचारा म्हणाला, "माझाच फोन खराब असेल."

फोन उत्तम होता. बाकीच्या लायब्ररी त्या चिमुकलीच्याच जिवावर उभ्या होत्या. आमच्या ब्राउझरांनी तिची जुनी प्रत जपून ठेवलेली, म्हणून आम्हाला पत्ता लागला नाही. दुरुस्ती चहा निवेपर्यंतची होती. साहेब तेवढंही थांबले नाहीत.

\*

ताईला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. जाताना तिने नुसता आपला कप धुऊन घेतला. मला राहवेना. रविवारी जेवायला बोलावलं. "एकटीच ये, निवांत बोलू."

बेल वाजली. दार उघडलं. ताई, तिचा नवरा, दोन मुलं, सासू, नणंद आणि नणंदेच्या कडेवर बाळ.

सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

ताई उंबऱ्यातूनच म्हणाली, "काकू, या वेळी एकालाही काढलं नाही!"